विश्लेषण : घर उभे राहते, मन केव्हा?

महाडजवळच्या सव गावातील गरम पाण्याच्या कुंडांवर सांधेदुखी, त्वचेचे विकार घेऊन लोक पूर्वापार येतात. शरीराचे दुखणे सांगायला कुणी लाजत नाही. मनाच्या दुखण्याला मात्र 'नाटके', 'नजर लागली' किंवा 'होईल हळूहळू' अशी उत्तरे मिळतात. माणसाला त्याच्या नात्यांसह समजून घेणारे समुपदेशन इथे का हवे?

महाड-पोलादपूरमध्ये हा प्रश्न का?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधील 'तारिक गार्डन' ही इमारत पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुरात बुडाले. पाच वर्षांत इतके आघात सोसलेल्या भागात पंचनामे झाले, मदतीचे धनादेश आले, घरांच्या योजना आल्या. पण आषाढात पाऊस वाढला की ज्यांची झोप उडते, त्यांचा पंचनामा कोणी करत नाही.

नातेकेंद्री समुपदेशन म्हणजे काय?

समजा, वाडीवरच्या एका बाईचे डोके सतत दुखते. तपासण्या ठीक आहेत. मुलगा मुंबईत नोकरीला, सून तिकडेच, नवरा घुम्या. दरडीत सख्खी बहीण गेली. पण घरात तिचे नाव काढायचे नाही, असा अलिखित नियम. इथे फक्त डोकेदुखीच्या गोळीने भागत नाही. समुपदेशक तिची झोप, जेवण, शेतीची चिंता, देवाधर्माचा आधार आणि घरातला अबोला हे सारे एकत्र पाहतो. गरज वाटली आणि तिची संमती असली, तर नवऱ्यालाही बोलावतो, मुलाशीही बोलतो.

या दृष्टीमागे मोठा वारसा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले, की सहृदयता, सच्चेपणा आणि विनाअट स्वीकार असलेल्या नात्यातच माणूस बदलतो. व्हर्जिनिया सटीर यांनी त्रास एकाचा दिसला तरी संपूर्ण कुटुंबाला समोर बसवले. उपचारपद्धती कोणतीही असो, समुपदेशक आणि मदत घेणारा यांच्यातील विश्वासाचा परिणामाशी संबंध असतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे.

यात आत्मभान कुठे येते?

नाते सुधारायचे म्हणजे समोरच्याला बदलायचे, असा सर्वसाधारण समज असतो. समुपदेशक प्रश्न उलटा विचारतो : राग येतो तेव्हा तुमच्या मनात नेमके काय चालते? डॉ. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेली. घटनेइतकाच तिच्याविषयीचा आपला आग्रही विचार आपल्याला छळतो, हे तिचे सार. 'मी त्या दिवशी घरी असतो तर सगळे वाचले असते', हा मुंबईहून परतलेल्या चाकरमान्याचा विचार तपासून पाहता आला, तर दुःख उरते, पण अपराधाचे ओझे हलके होते.

महाराष्ट्रातला अनुभव काय?

पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनमुक्तीत कुटुंबाला सामील करून घेतले. व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी तिथे आधारगट आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभ्या केलेल्या 'आयपीएच' संस्थेने मनाचे आरोग्य रुग्णालयाबाहेर, शाळा आणि समाजापर्यंत नेले. ग्रामीण रायगडला यातून घेण्यासारखे खूप आहे.

मर्यादा कोणत्या?

तीव्र नैराश्य, भ्रम, भास यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधे लागतातच. घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवणे धोक्याचे ठरू शकते. तिथे आधी सुरक्षितता. आणि लहान गावात 'अमक्याची सून तिकडे जाते' ही बातमी एसटीच्या आधी पोहोचते. म्हणून गोपनीयता हा समुपदेशनाचा पायाच आहे.

पुढे काय?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. पण मोबाइलची रेंज न पोहोचणाऱ्या वाडीवर पहिला आधार आशा सेविकेचा, शिक्षकाचा, शेजाऱ्याचाच असतो. त्यांना ऐकून घेण्याचे आणि पुढे कुठे पाठवायचे याचे प्रशिक्षण मिळायला हवे. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात समुपदेशकाचे काम पहिल्या पंधरवड्यात संपू नये. पुढचे काही पावसाळे तरी ते चालू राहावे. दगड-विटांच्या घरासाठी निविदा निघते. त्या घरात पुन्हा बोलणे सुरू व्हावे, यासाठीही सरकारी कागदावर एक ओळ हवी.