तुलना कोणाशी, हेही सांगा



जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियात ‘इब्रुटिनिब’ गोळीने केमोथेरपीला मागे टाकले, वाद संपला, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. आधार 2015च्या ‘रेझोनेट-2’ चाचणीचा. तीत आधी उपचार न झालेल्या, 65 वा अधिक वयाच्या 269 रुग्णांत गोळीची तुलना झाली ती एकट्या क्लोरँब्युसिल या केमो औषधाशी. आदल्याच वर्षी ‘सीएलएल-11’ चाचणीने दाखवले होते, की इतर व्याधी असलेल्या रुग्णांतही त्याला ओबिन्युटुझुमॅबची जोड दिल्यास आयुष्य वाढते. ‘रेझोनेट-2’ची आखणी त्याआधीची, हा बचाव रास्त आहे; निष्कर्षाची मर्यादा मात्र त्याने हटत नाही.

खरा कस लागला 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बेंडामुस्टिन-रिटुक्सिमॅब या केमो उपचारासमोर. दोन वर्षांनी आजार न बळावता जगलेले गोळीच्या गटात 87 टक्के, केमोच्या गटात 74. गोळी सरस ठरलीच. पण एकूण जगण्यात फरक दिसला नाही, आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास गोळी घेणाऱ्या 17 टक्के रुग्णांना झाला, केमो घेणाऱ्या 3 टक्क्यांना. केमोनंतर आजार वाढलेल्यांना गोळी घेता येत होती, म्हणून फरक झाकला गेला, असे कोणी म्हणेल. शक्य आहे. पण मग गोळी आधी की नंतर, हा प्रश्न वयस्कर रुग्णांपुरता उघडाच राहतो. आणि एक उपचार सहा फेऱ्यांत संपतो, दुसरा अखंड चालतो, तेव्हा घरखर्च सांभाळणाऱ्या कुटुंबासाठी तो प्रश्न फार मोठा आहे. नव्या औषधाची बातमी छापताना तुलना कोणत्या उपचाराशी झाली, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे, ही विनंती.

– एक वाचक