क्षेपणास्त्र दिसतं, गाडी दिसत नाही

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'क्षेपणास्त्र' हा शब्द नीट लिहायला मला तीनदा खोडावं लागलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाच्या नावावर घाला, मतं मात्र माझीच आहेत!

मे २०२५ मधले ते दिवस आठवा. ७ मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मेपर्यंत आपल्या हॉस्टेलची कॉमन रूम म्हणजे वर्ल्ड कपची फायनल झाली होती. सबमिशन बाजूला, जर्नल्स बाजूला. 'आकाश'चं नाव आलं की शिट्ट्या! मीही मारल्या, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्या रात्री लक्षात आलं की टीव्हीवर तेच ते दृश्य फिरतंय. क्षेपणास्त्र उडतं, धूर होतो, निवेदक ओरडतो. ते ज्या गाडीवरून उडालं ती जेमतेम अर्धा सेकंद दिसते. आणि बघणारे आपण, निम्मे मेकॅनिकलवाले!

माझं म्हणणं एवढंच आहे. कमी पल्ल्याच्या हवाई संरक्षणात अर्धी लढाई ती गाडी लढते, आणि उद्या इंजिनियर म्हणवून घेणारे आपण तिच्याकडेच बघत नाही.

का ते सांगते. मी पोलादपूरची. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरणारी एसटी आम्हाला अगदी शेवटच्या वळणावर दिसते, तोपर्यंत ती डोंगराआड. रडारचंही तसंच आहे. डोंगराच्या आडून, खालून येणारं विमान त्याला दिसत नाही. समजा ते १० किलोमीटरवर असताना दिसलं आणि त्याचा वेग सेकंदाला २५० मीटर आहे. हातात उरले ४० सेकंद! तेवढ्यात आपलं की परकं ते ओळखायचं, नेम धरायचा आणि सोडायचं. इतक्या वेळात लांबून मदत येत नाही. संरक्षण सैन्याच्या बरोबरच असावं लागतं, आणि सैन्य चालतं म्हणजे त्यालाही चालावं लागतं.

एका जागी थांबून राहिलं तर काय होतं ते आपल्या रायगडाला विचारा. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर तोफा डागल्या. एवढा बुलंद गड, पण जागचा हलणार कसा? १० मेला तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. जवळचं उदाहरण हवं असेल तर ऑक्टोबर १९७३ चं युद्ध घ्या. इजिप्तने सुएझ कालव्याच्या काठी रशियन क्षेपणास्त्रांची छत्री उभी केली होती. सैन्य छत्रीखाली होतं तोवर इस्रायलच्या विमानांना जड गेलं. १४ ऑक्टोबरला रणगाडे छत्रीच्या बाहेर पुढे गेले आणि सडकून मार खाल्ला. छत्रीचा मोठा भाग चालणारा नव्हता ना!

आता माझ्या मामांची गोष्ट. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तुम्हाला माहीत असेल, पहिल्या महायुद्धापासून फौजेत माणसं पाठवणारं गाव. मामा तिथले. एअर डिफेन्समध्ये एल-७० तोफेवर होते. ही ४० मिलिमीटरची तोफ मूळ स्वीडनच्या बोफोर्सची, जुनीपुराणी, पण २०२५ मध्ये ड्रोन पाडायला तीही कामाला आली. मी त्यांना विचारलं, "मामा, सगळ्यात कठीण काय असायचं?" मला वाटलं, नेम म्हणतील. मामा म्हणाले, "अगं बाय, रात्री पावसात, चिखलात तोफ लेव्हल करायची! नेम नंतर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

'आकाश'चे लाँचर पुण्याला दिघीत डिझाईन झाले, डीआरडीओच्या आर अँड डीई (इंजिनियर्स) या संस्थेत. एका लाँचरवर तीन क्षेपणास्त्रं, प्रत्येकाचं वजन सुमारे ७२० किलो. म्हणजे दोन टनांहून जास्त ओझं उचलायचं, फिरवायचं आणि ठरल्या कोनात न डळमळता थांबवायचं. रडारची गाडी वेगळी, लाँचरची वेगळी. 'उत्तर दिशा कुठे' याबद्दल दोघींचं एकमत हवं. त्यात एका अंशाची चूक झाली तर २५ किलोमीटरवर सुमारे ४३६ मीटरचा फरक पडतो. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा. यात रॉकेट सायन्स काही नाही. जॅक, बेअरिंग, हायड्रॉलिक्स, सस्पेन्शन... आपण 'ऑप्शनला टाकतो' ते सगळे चॅप्टर.

नव्या क्यूआरसॅमची तर खासियतच चाकांची आहे. चालता चालता शोधायचं, चालता चालता मागोवा घ्यायचा आणि फक्त क्षणभर थांबून मारायचं. त्याची पहिली चाचणी ४ जून २०१७ ला ओडिशात चांदीपूरला झाली. त्याच महिन्यात आमच्याकडे सावित्रीवरचा नवा पूल सुरू झाला. जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला होता. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट गेल्या. मी अकरा वर्षांची होते. बाबा पनवेलहून त्याच रस्त्याने यायचे होते, फोन लागत नव्हता, आई रात्रभर दारात उभी. (बाबा माणगावला थांबले होते. पावसाला कंटाळून! नशीब.) त्यामुळे गाडीला पूल लागतो हे मला कुणी शिकवावं लागत नाही. कितीही भारी लाँचर असू दे, नदीवर पूल नसेल तर तो अलीकडेच उभा. दिघीच्याच संस्थेने लष्करासाठी 'सर्वत्र' नावाचा, ट्रकवरून नेऊन टाकायचा पूल तयार केलाय. १५ मीटरचे पाच गाळे, एकूण ७५ मीटर. त्याचं पोस्टर मी कुठल्याही रूममध्ये पाहिलेलं नाही.

आणि पोस्टर लावायचंच तर 'त्रिशूळ'चं का नको? १९८३ च्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातलं, ९ किलोमीटर पल्ल्याचं हे भावंड 'आकाश'सारखं सैन्यात दाखल झालंच नाही. नौदलाला इस्रायलकडून 'बराक' घ्यावं लागलं, आणि २००८ मध्ये त्रिशूळ अधिकृतपणे बंद झालं. पंचवीस वर्षं! टेक-फेस्टच्या क्विझमध्ये त्याच्यावर एक प्रश्न नसतो. जे उडालं त्याच्याच टाळ्या वाजवायच्या असतील तर आपण इंजिनियरिंग करतोय की नुसतं फॅन क्लब चालवतोय?

काही जण म्हणतील, युद्धाचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाहीच. मामांनाही नाही, ते टीव्ही बंद करून झोपले होते त्या रात्री. पण डोक्यावर येणारं अडवायचं असेल तर ते नीट अडलं पाहिजे.

म्हणून आमच्या ग्रुपने फायनल इयरला आपोआप लेव्हल होणारा प्लॅटफॉर्म घेतलाय. "स्कोप कमी आहे, एखादं सॉफ्टवेअर सिम्युलेशन घ्या, प्लेसमेंटला बरं पडेल," असा सल्ला मिळाला. मिळाला तसा ठेवून दिला. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं मेसमधलं टेबल डुगडुगतं. आमचे जॅक चार आहेत, म्हणजे तीन टेकले की चौथा हवेत. तो टेकवायला गेलं की बाकीच्यांची लेव्हल जाते. शिवाय वर्कशॉपच्या फरशीवर जे जमतं ते मागच्या ग्राउंडच्या लाल चिखलात जमत नाही, जॅक सरळ आत रुततो. मामा म्हणाले, खाली फळी घाला. घातली. आता फळी सरकते.

वर ठेवलेला पाण्याचा ग्लास अजून सांडतोय. कुणाकडे चालू अवस्थेतला छोटा हायड्रॉलिक पंप पडून असेल तर वर्कशॉपमध्ये भेटा, संध्याकाळी पाचनंतर आम्ही तिथेच असतो.