मेसेंजर हवा, सोबतचे लटांबर नको

मुले म्हैसूरला इन्फोसिसच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, की इकडे महाराष्ट्रातल्या घरी संगणकावर मेसेंजर बसवण्याची घाई सुरू होते. ही घाईच नडते. सापडेल त्या साइटवरून प्रोग्रॅम उतरवून 'नेक्स्ट'वर भराभर क्लिक केले, तर मेसेंजरबरोबर नको असलेला टूलबार आणि जाहिरातीही संगणकात शिरतात.

ही खोड जुनीच. २०१८ मध्ये बंद झालेल्या याहू मेसेंजरबरोबरही टूलबार देऊ केला जात असे. नको असेल, तर चौकटीतली खूण आपणच काढायची! फोनवरही सावध राहायला हवे. २०१७ मध्ये प्ले स्टोअरवरच व्हॉट्सअॅपची नक्कल आली होती. कंपनीच्या नावापुढे न दिसणारी मोकळी जागा, एवढाच काय तो फरक. गूगलने हटवण्यापूर्वी ती दहा लाखांहून अधिक वेळा उतरवली गेली होती.

तेव्हा आधी मुलांकडे कोणता मेसेंजर आहे, ते विचारा. दोन्हीकडे एकच हवा. तो कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या. 'कस्टम' पर्याय असेल तर तो निवडा आणि आधीच केलेल्या खुणा काढून टाका. जाहिराती मुळीच नको असतील, तर सिग्नल पाहा. तो ना-नफा संस्था चालवते. मात्र आधी फोनवर सुरू करावा लागतो.

लटांबर आधीच आले असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमधील 'अॅप्स'ची यादी तारखेनुसार लावा. त्याच दिवशी आलेली अनोळखी नावे शोधा आणि ती 'अनइन्स्टॉल' करा.