पाठीवर किती घ्याल?

हिवाळ्याची चाहूल लागली की शाळाशाळांतून पायी सहलींचे बेत सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या संग्रामपूर तालुक्यातल्या मुलांना तर सातपुड्याची निळी रांग समोरच दिसत असते. त्या रांगेतले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तेव्हा परवानगीवाचून तिथे भटकणे किंवा रात्र काढणे नाही. पण पायथ्याच्या गावांतून, वाटेतल्या शाळांत मुक्काम करीत तीन दिवस चालायला कुणाची हरकत असणार? बेत ठरतो आणि फलकावर यादी लागते. ताट, वाटी, पेला, विजेरी, चाकू, दोरी, साबण, खोबरेल तेल, आरसा, औषधे, दोन चादरी, कपड्यांचे तीन जोड. शेवटी एक वाक्य असते: ‘हे सर्व प्रत्येकाने आणावे.’

विद्यार्थी मित्रहो, मला भांडायचे आहे ते या ‘प्रत्येकाने’ शब्दाशी. माझे म्हणणे असे की, पायी सहलीची यादी विद्यार्थ्यामागे न करता तुकडीमागे करावी. त्यातून जे वजन वाचेल त्या जागी पाणी न्यावे. असे का, ते थोडे गणित करून पाहू.

आधी एक गमतीचे गणित. समजा, १० किलोचे ओझे घेऊन तुम्ही ६०० मीटर उंचीचा डोंगर चढलात. ओझे वर नेण्यासाठी केलेले कार्य म्हणजे १० × ९.८ × ६००, अर्थात ५८,८०० ज्यूल. किलोकॅलरीत सांगायचे तर फक्त १४. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच कामात आणतात, म्हणून ही संख्या चौपट करा. ५६ किलोकॅलरी झाल्या. इतकी ऊर्जा १० ग्रॅम शेंगदाण्यांत मिळते! मग ओझ्याचा एवढा बाऊ कशाला, असे तुम्ही म्हणाल.

खरी गोष्ट उरलेल्या तीन हिश्श्यांची आहे. ती ऊर्जा जाते कुठे? तिची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर काही उष्णता आपोआप निघून जाते. विदर्भातल्या तापलेल्या दुपारी मात्र ती सोय उरत नाही. मग घाम येणे आणि तो वाळणे हा एकच मार्ग राहतो. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

आता ४५ किलो वजनाचा एक विद्यार्थी घ्या. मोकळ्या हाताने सपाटीवर बऱ्यापैकी वेगाने चालताना तो तासाला साधारण १५५ किलोकॅलरी खर्च करतो. पाठीवर ९ किलो, म्हणजे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, लादला तर खर्चही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढून १८५ च्या घरात जातो. दिवसातून सहा तास चालायचे तर ११०० किलोकॅलरी. ही सगळी उष्णता घामावाटेच काढायची वेळ आली तर पावणेदोन ते दोन लिटर पाणी लागेल. यात उन्हाची उष्णता धरलेलीच नाही. ओझ्यामुळे वाढलेला वाटा त्यात दीड पेल्याएवढा आहे. चढावर तो आणखी वाढतो. शिवाय पाठीला चिकटलेल्या पिशवीखाली घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, पाणी मात्र जाते.

चक्र ध्यानात आले ना? ओझे वाढले की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पाणी जास्त लागते आणि पाणी तर सामानातली सर्वांत जड वस्तू. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात कोणतीही काटकसर चालत नाही. दिवसाला तीन लिटर धरले तर तीन दिवसांचे नऊ किलो होतात. ते कुणी वाहू शकणार नाही. म्हणजे रोज वाटेत पाणी भरून घेणे आले. पायी सहलीचा नकाशा खरे म्हणजे पाण्याच्या जागा जोडूनच काढावा लागतो.

आणि इथेच संग्रामपूरचा प्रश्न सह्याद्रीपेक्षा वेगळा होतो. गिर्यारोहणाच्या पुस्तकात सल्ला असतो की, पाणी कमी वाहा, जंतुनाशक थेंब जवळ ठेवा आणि वाटेत मिळेल ते पाणी शुद्ध करून प्या. सह्याद्रीतल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी असतात, तिथे हा सल्ला ठीक आहे. पण संग्रामपूर तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला मात्र मचूळ किंवा खारट असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे ओढ्यांनी दगडगोटे आणून टाकले आहेत, तिथे जमिनीत गोडे पाणी मिळते. पूर्णेच्या गाळात उतरू लागलो की क्षार वाढत जातात. थेंबांनी जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उकळल्याने तर क्षारांचे प्रमाण उलट वाढते, कारण वाफ होऊन जाते ते नुसते पाणी. तहानलेल्या मुलाने असे पाणी पोटभर प्यायले तर त्याची तहान भागण्याऐवजी वाढण्याचीच भीती.

म्हणून या भागात सहल काढणाऱ्या शिक्षकांनी आधी एकदा तो रस्ता स्वतः पाहून यावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. वान धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या योजनेचे नळ कुठल्या गावात आहेत, ते कोणत्या दिवशी सुटतात, कुठली विहीर गोडी आहे, हे गावकऱ्यांना विचारून नकाशावर मांडावे. विरघळलेले क्षार मोजणारा लेखणीएवढा मीटर मिळतो. त्याचे वजन शंभर ग्रॅमही नसते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. गावोगावच्या पाण्याची अशी मोजणी मुलांनीच केली तर तीन दिवसांत भूगोलाचा आणि रसायनशास्त्राचा केवढा तरी अभ्यास होईल! मीटरने सगळेच कळते असे मात्र नव्हे. जंतू आहेत की नाहीत हे तो सांगत नाही.

आता तुकडीच्या यादीकडे वळू. रोजच्या दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरवून दिले. मुक्कामी सहलीला थोडी सवलत देऊन आपण १५ टक्के धरू. ४५ किलोच्या मुलाला पावणेसात किलो आले. त्यातले तीन किलो पाण्याचे. उरलेल्या पावणेचार किलोत पिशवी, पांघरूण, कपडे, खाणे सारे बसवायचे. अशक्य वाटते? दहा जणांची तुकडी करा. साबण, तेल, टूथपेस्ट, औषधे, चाकू, दोरी, आरसा, काड्यापेटी हे सगळे प्रत्येकाने आणले तर प्रत्येकी सव्वा किलो सहज होते, म्हणजे दहा जणांचे साडेबारा किलो. दहा जणांना मिळून यातले अडीच किलो पुरते. दहा ठिकाणी वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पाव किलो. एका फटक्यात एक किलो वाचले. म्हणजेच एक लिटर पाण्याची जागा झाली, तीही दिडकी खर्च न करता.

दिडकीची गोष्ट मुद्दाम काढली. हलके सामान म्हणजे महाग सामान अशी एक समजूत पसरली आहे. दुकानात पिसासारखे तंबू आणि पिशव्या मिळतात, त्यांच्या किमती ऐकूनच गरिबाघरचा मुलगा सहलीचे नाव काढत नाही. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजीबाई अ‍ॅपलाचियन डोंगररांगेतली सुमारे ३३०० किलोमीटरची वाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. हे वाचून आपल्याला फारसे आश्चर्य वाटू नये. संग्रामपूरपासून पूर्णा ओलांडली की शेगाव. तिथून निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर वारकरी सातशेहून अधिक किलोमीटर चालत पंढरपूरला जातात. महिनाभराची वाट, ऐन पावसाळा, आणि डोक्यावर तसाच प्लास्टिकचा कागद. अर्थात शिधा, भांडी, तंबू हे ओझे नाहीसे झालेले नसते. ते दिंडीच्या वाहनावर असते आणि सर्वांचे मिळून एक असते.

खाण्याबद्दल थोडक्यात. आपण अन्न वाहतो म्हणतो तेव्हा बरेचदा अन्नातले पाणीच वाहत असतो. उकडलेल्या बटाट्यात चार पंचमांश पाणी, भाकरीतही तिसरा हिस्सा तरी पाणीच. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, पोहे, मुरमुरे यांत ते फार थोडे असते. पहिल्या दिवशी भाकरी-ठेचा, पुढे सुके जिन्नस आणि मुक्कामी गरम खिचडी, एवढे पुरे. गोड बिस्किटांच्या पुड्यांनी पिशव्या भरू नयेत हे माझे मत. मुले ऐकणार नाहीत हेही ठाऊक आहे.

आणखी एक, बुटांचे. पायात वाढलेले एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी ऊर्जा खाते, कारण पाय प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो. सहलीसाठी म्हणून जड नवे बूट घेण्यापेक्षा सवयीचे, हलके, चांगल्या तळाचे बूट बरे. उरलेले ओझे पाठीला लगटून आणि खांद्यांच्या पातळीजवळ भरा. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की तरफेच्या नियमाने तुम्हाला मागे ओढते आणि तोल राखायला तुम्ही पुढे वाकता.

काही शिक्षकांचे म्हणणे असते की, ओझे वाहिल्याने मुले काटक होतात. नेपाळचे हमाल पाहा, असेही ते सांगतात. पाहू या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथले पुरुष हमाल सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे नेताना आढळले. पण ते अगदी सावकाश चालतात, वारंवार थांबतात आणि ओझ्याचा पट्टा कपाळावर घेतात. ही त्यांची रोजीरोटी आहे. वर्षातून एकदा चालणाऱ्या, हाडे अजून वाढत असलेल्या नववीतल्या मुलाला ते माप लावणे मला पटत नाही. थकलेला मुलगा चढताना थांबतो, उतरताना घसरतो. आणि काटकपणाच शिकवायचा तर पहाटे पाचला उठून दहापर्यंत चालणे संपवायला शिकवा. उन्हाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मात्र कमी करण्याच्या नादात काहीही टाकू नये. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. वेडेपणा वाटेल. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तसेच ठसे आपल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या गोंडवन खडकांतही मिळतात. हे भूभाग एके काळी जोडलेले होते याचा तो पुरावा. तेव्हा वही, पेन्सिल आणि भिंग पिशवीतून काढायला कुणी सांगितले तर ऐकू नका. डोंगरपायथ्याच्या थंड रात्रींसाठी एक उबदार पांघरूणही प्रत्येकाचे स्वतःचे हवे. ते तुकडीत वाटून चालणार नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेत तागडी किंवा वजनकाटा मांडा. प्रत्येक पिशवी तोला, वजन वहीत लिहा. पालकांनी ऐन वेळी कोंबलेले डबे तिथे उघडे पडतील. परत आल्यावर त्याच जागी पिशव्या रिकाम्या करा आणि वस्तूंचे तीन ढीग लावा: रोज लागलेल्या, एकदाच लागलेल्या आणि हातही न लागलेल्या. तिसऱ्या ढिगातल्या वस्तूंवर पुढच्या वर्षीच्या यादीत काट मारा. औषधांची पेटी बहुधा याच ढिगात सापडेल. तिच्यावर काट मारायची नाही. तिच्यातली क्षारसंजीवनीची पाकिटे मुदतीतली आहेत ना, तेवढे पाहून ती पुन्हा कपाटात ठेवा.