गॅलरीतला उघडा माणूस

मुलामुलींनो, बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असणार. मुलगा गाढवावर बसला तर लोक म्हणतात, म्हाताऱ्या बापाला चालवतोय. बाप बसला तर म्हणतात, पोराची दयामाया नाही. दोघे बसले तर गाढवाचा पुळका. अखेर ते बिचारं गाढवच जिवानिशी जातं.

भूपेन खक्कर या चित्रकाराने १९८१ साली ही गोष्ट रंगवली. चित्र चांगलं मोठं, पावणेदोन मीटर लांब आणि तेवढंच रुंद. नाव इंग्रजी, ‘यू कान्ट प्लीज ऑल’, म्हणजे सगळ्यांना खूश करता येत नाही. बापलेक आणि गाढव या एकाच चित्रात पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांतही अशी अख्खी गोष्ट एका चौकटीत सांगत.

पण चित्रातला सगळ्यात मोठा माणूस गोष्टीतला नाहीच! तो आपल्या गॅलरीत पाठमोरा उभा राहून हे सारं बघतोय. आणि त्याच्या अंगावर एकही कपडा नाही.

माझ्या टेबलावरच्या पुस्तकात सातवीच्या मुलांना हे चित्र सापडलं. मग काय, खसखस सुरू! “बाई, नागडा माणूस!” मी घाईघाईने पुस्तक मिटलं. (खरं सांगते, मीच जास्त लाजले होते.) तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, पण त्याला कोणी खालून बघितलं तर?”

मी पुस्तक पुन्हा उघडलं. अगदी नेमकं बोलली होती ती. घराच्या आत माणूस सुरक्षित असतो. रस्त्यावर जाताना आपण कपडे घालतो, भांग पाडतो, लोकांना चालेल असं रूप घेतो. गॅलरी मात्र धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. हा माणूस तिथेच उभा आहे, काहीही न पांघरता.

हा माणूस म्हणजे खुद्द भूपेन खक्करच. १९३४ साली मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले, पुढे बडोद्याला राहिले. हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढत. त्यांना पुरुषांविषयी प्रेम वाटे. लोक काय म्हणतील म्हणून हे त्यांनी कितीतरी वर्षं लपवलं. या चित्रात ते लपवणं संपलं. २००३ साली ते गेले. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं, “मग त्यांना भीती नाही वाटली?”

“वाटली असणार. म्हणून तर कठडा धरलाय,” दुसरा म्हणाला.

“छे! निवांत उभे आहेत ते. गंमत बघतायत,” मागच्या बाकावरून आवाज आला.

घंटा झाली तरी दोघांचं भांडण चालूच होतं.