खान्देशी म्हणजे नुसतं तिखट?

पुण्यात कुणाला 'मी खान्देशातला' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अरे वा, शेवभाजी! फार तिखट खाता बुवा तुम्ही लोक." आणि त्यामागोमाग न बोललेलं आणखी एक, की तिखट खातात म्हणून बोलतातही फटकळ.

शेवभाजीबद्दल मला राग नाही. पण आमच्या घरी ती अडचणीतली भाजी होती. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की शेतात हिरवं काही उरत नाही, अशा वेळी डब्यातली शेव कामाला यायची. फुणके, डुबुकवडे, दाळगंडोरी... सगळी डाळ-बेसनावर चाललेली मंडळी. लाल तर्रीचा बोटभर थर महामार्गावरच्या ढाब्यांचा. आता तोच खान्देश म्हणून मिरवतो. असो.

मला विचाराल तर आमचा स्वभाव तिखटात नाही, भरतात आहे. भरताची वांगी हिरवी, पांढरट रेघांची, चांगली मोठी आणि कमी बियांची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही. थंडी पडली की ही वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि बडगीत ठेचायची. (बडगी म्हणजे लाकडाची खोलगट परात म्हणा हवं तर.) वर तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तेल भरपूर, त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ.

आता हे एकट्यासाठी करून बघा! जाळ धरायला एक, सोलायला दोघं, ठेचायला दमदार हात. त्यामुळे भरीत म्हटलं की शेजार आलाच. बांधावरून जाणाऱ्याला "ये रे भो, बस" म्हटलं जायचं, आणि तो बसायचाही. खापरावरच्या मांड्यांचं तेच, बिबड्यांचं तेच. आमच्याकडे फटकळपणा आहे, कबूल. पण ज्याला ताटावर बसवायचं त्याच्याशी कोण गुळगुळीत बोलतं?

अर्थात फार गोडवे गायला नकोत. पश्चिमेकडे कानबाईच्या रोटाला घरातले पुरुष मोजून सव्वा-सव्वा मूठ धान्य घ्यायची रीत आहे. दळणार, रांधणार बाया, मोजायचे मात्र पुरुष. आणि रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. हाही आमचाच स्वभाव.

माझंही एक सांगून टाकतो. कॉलेजला असताना आई डब्यात कळण्याची भाकरी बांधून द्यायची. ती काळपट दिसते. होस्टेलवर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "ही जळालीय का?" मी "हो" म्हणालो. त्यानंतर दर वेळी ती भाकरी खोलीचं दार लावून खाल्ली. गावाचं नाव विचारलं तर "नाशिकच्या पुढे" म्हणायचो. किती पुढे ते सांगत नसे!

जळगावात आता थंडीत भरीत किलोवर विकत मिळतं. लोक त्याला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. काड्यांवरच भाजलेलं असेल तर विकतचं का होईना, ते भरीत आहे. माझी तक्रार जांभळं वांगं गॅसवर भाजून, टोमॅटो घालून, मेनूकार्डावर 'खान्देशी' छापणाऱ्यांशी आहे. आणि थोडी स्वतःशी. आईनं एकदा विचारलं होतं, "बडगी नेतोस का रे पुण्याला?" फ्लॅटमध्ये कुठे ठेवू, म्हणून मी नको म्हणालो. ती अंगणात पडून राहिली. दोन पावसाळ्यांनी गेलो तेव्हा वाळवीनं तळ खाल्ला होता. आई म्हणाली, "जाऊ दे, ठेचणारं तरी कोण आहे आता?"

यंदा डिसेंबरात सुतार शोधतोय. गावातला एक अजून करून देतो म्हणतात.