एकच सफ, एकच बाक

प्रवेशाचे दिवस आले की पालक आम्हाला विचारतात, "सर, पंचवीस टक्क्यांत नंबर लागेल का?" 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. त्यांच्या फीची भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार करते. गरीब-श्रीमंत मुले एका बाकावर बसावीत, हा हेतू. मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे आपल्याच शाळेत हमालाच्या मुलाला ही जागा मागता येत नाही. सक्ती नसेल, जबाबदारी तर आहे! नमाजच्या सफेत शेठ आणि हमाल शेजारी उभे राहतात. संस्थाचालकहो, जकातीतून फी भरून अशी मुले घ्या, आणि त्यांना वेगळे बसवू नका.